सुईवर राहिलेलं कार्ड

माझी मुलगी एका कंपनीत डेटाबेस सांभाळते. तिला मी एकदा म्हणालो, हेच काम मी सत्तरच्या दशकात दौंडला करत होतो, आणि आमचं काम वीज गेली तरी चालायचं. ती हसली. पोटच्या पोरांना बापाचं काही खरं वाटत नाही, हा माझा जुना अनुभव आहे. म्हणून लिहून ठेवतो.

मी यंत्रांच्या सुट्या भागांच्या भांडारात कारकून होतो. आमच्या साहेबांनी कुठूनशी कार्डांची एक पद्धत आणली. प्रत्येक भागाचं एक जाड कार्ड, त्याच्या चारी कडांना भोकं. एक भोक म्हणजे पितळी, दुसरं म्हणजे परदेशी, तिसरं म्हणजे संपत आलेलं. वस्तूत जो गुण असेल, त्याचं भोक चिमट्यानं कडेपर्यंत कापायचं. मग गठ्ठा धरून हव्या त्या भोकातून लांब सुई घालायची, उचलायची आणि हलवायची. कापलेली कार्डं खाली पडतात, न कापलेली सुईवर लटकत राहतात. पितळी वस्तू कुठल्या? पडल्या त्या. जुने कारकून जो शोध घ्यायला दुपार घालवत, तो मी चहा निवायच्या आत उरकायचो. त्यामुळे ते माझ्यावर खार खाऊन असत.

माणसाला छंद असावा म्हणतात. साहेब बॅडमिंटन खेळत, हेडक्लार्क पेटी वाजवत, आणि ती ऐकल्यावर बॅडमिंटनच बरं वाटे. मी रविवारी एस.टी.नं शिरूरला घरी जायचो आणि तिथंही कार्डंच कापत बसायचो, फक्त माणसांची. बौद्ध झाल्यापासून आमच्याकडे पत्रिका, मंगळ सगळं सुटलं होतं. लग्न जमवायचं ते शिक्षण, नोकरी आणि स्वभाव बघून, आणि ही सगळी माहिती एकट्या मामांच्या डोक्यात असे. ती मला कार्डांवर उतरवायची होती. खरं कारण ताई. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, मॅट्रिक पास, चोविशी उलटलेली. तिच्या लग्नाच्या काळजीनं आईला घास गोड लागत नव्हता.

छपाईत बिघडलेली कार्डं साहेबांनी मला देऊन टाकली. रविवारी विहारात वंदना झाली की मी दारात उभा राहून लोकांकडून माहिती घ्यायचो. घरी आल्यावर ताई ती सुंदर अक्षरात उतरवायची आणि भोकंही तीच कापायची. मुलांचा खोका वेगळा, मुलींचा वेगळा. 'दारू पीत नाही' हे भोक मी मोठ्या विश्वासानं ठेवलं होतं. झाडून सगळ्या मुलांचं ते कापलं गेलं. मामांनी खोका चाळला आणि म्हणाले, "आरं, ह्याच्या शेजारी आणखी एक भोक ठेव. खरंच पीत न्हाई." ते मामांना विचारून कापलं, तर सुई हलवल्यावर पाच-सहाच कार्डं पडली.

एका रविवारी ताईसाठी लागोपाठ चार वेळा सुई घातली. मॅट्रिकच्या पुढं शिकलेला, पगारी, तिच्याहून उंच, खरंच न पिणारा. एक कार्ड पडलं. कवठे येमाईचे मास्तर! आईनं ते कार्ड पदरानं पुसलं. ताई मात्र "मला काम आहे" म्हणून आत गेली, ते मी लाजणं समजलो.

पुढच्या रविवारी मामा आणि मी कवठ्याला गेलो. मास्तर अंगणात बायकोबरोबर शेंगा फोडत बसले होते. लग्नाला आठ महिने झाले होते, आणि मामांच्याही कानावर ते आलं नव्हतं. माझं कार्ड दीड वर्षापूर्वीचं. मामांनी लगेच पाऊसपाण्याचा विषय काढला आणि चहा होईपर्यंत सोडला नाही. मला तेवढी अक्कल नव्हती. मी कार्ड काढून पद्धत समजावायला बसलो. मास्तरीणबाईंनी ते उलटंपालटं केलं आणि विचारलं, "आन् माझं पन हाय का असलं?"

होतं. मुलींच्या खोक्यात. गेल्याच महिन्यात मी त्यांचं स्थळ दोन घरी सुचवलं होतं. हे मी सांगायला नको होतं. मास्तरांनी बशीत चहा ओतला आणि तो प्यायचा विसरले.

शिरूरच्या स्टँडवर उतरल्यावर मामा म्हणाले, "भाच्या, सुई झ्याक हाय. पर तिला लगीन झाल्यालं कळत न्हाई."

तरी मी हटलो नाही. दौंडचा माझा एक ओळखीचा, आमच्याच समाजातला, सरळ माणूस, मॅट्रिक झालेली मुलगी शोधत होता. मी मुलींच्या खोक्यात सुई घातली आणि ताईचं कार्ड पडायची वाट बघत हलवली. दोन पडली, ताईचं नाही. पुन्हा हलवली. शेवटी हातानं शोधून काढलं. नाव, वय, शिक्षण, सगळं सुंदर अक्षरात लिहिलेलं आणि चारी कडा कोऱ्या करकरीत. एक भोक कापलेलं नाही.

"ताई, तुझं कापायचं राहिलं."

"राहिलं नाही. मी कापलंच नाही," ताई म्हणाली. तिनं पुण्याला डी.एड.चा अर्ज केला होता. जूनपर्यंत तिला कुठल्याच सुईवरून पडायचं नव्हतं. "एवढी भोकं आहेत तुझ्या कार्डाला. त्यात माझ्या मर्जीचं कुठलं, दाखव."

मला आधी राग आला, तोही कारकुनी: माझ्या खोक्यात खोटी नोंद! मग लाज वाटली. बोल्टाला विचारून कुणी त्याचं कार्ड करत नाही, आणि बहिणीचंही मी तसंच केलं होतं. मी कार्ड परत खोक्यात ठेवलं, कोरंच.

त्यानंतरचे तीन महिने दर रविवारी आई समोर बसायची आणि म्हणायची, "बघ रं, ताईसाठी काय पडतंय का." मी मुलांच्या आणि देखाव्यापुरतं मुलींच्याही खोक्यात सुई घालून गंभीर चेहऱ्यानं हलवायचो. एखाद्या मुलाचं कार्ड पडलंच तर ताई ते उचलून "ह्याचं ठरलंय" म्हणायची. आईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे खोटं पचत होतं.

जूनमध्ये ताईला प्रवेशाचं पत्र आलं. आईला सांगायची कामगिरी माझ्याकडे. मी घसा खाकरून सुरुवात केली, तोच आई म्हणाली, "ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे? मला वाचता येत न्हाई, पर कापल्यालं आन् न कापल्यालं दिसतं की. समद्या पोरींच्या कार्डाच्या कडा कातरल्याल्या, आन् एकच साबूत. ते कुनाचं, ह्ये कळाया शाळा लागतीय व्हय?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुमी दोघं एवढं मन लावून खोटं बोलत व्हता, मदी कशाला बोलू?" आई भाकरी फडक्यात बांधत म्हणाली. मग गाठ मारता मारता हात थांबवून म्हणाली, "माज्या लगनात मला तरी कुनी इचारलं व्हतं?"