नडगीवरची रुपयाएवढी जागा

कुठं दुखतं असं विचारलं की बहुतेक मुली हात फिरवतात. इथं, असं, सगळंच. वैभवी बोट ठेवायची. डाव्या नडगीवर, घोट्याच्या वर वीतभर, रुपयाएवढी जागा. तिथं मी दाबलं की तिचा चेहरा पांढरा पडायचा आणि ती म्हणायची, "तेवढं चालते, मॅडम."

मंगरूळपीरच्या बाहेर, मानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून माझं, निवृत्त मास्तरीणबाईचं, घर. कुंपणापलीकडे रंगरावांची बागायत. मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. वैभवी त्यांची धाकटी, बारावीतली. तीन हजार मीटर धावायची आणि यंदा जिल्ह्यात पहिली आली होती. पुढं अमरावतीला विभागाची स्पर्धा. तिथून निवड झाली की राज्य, आणि राज्यावर खेळली की खेळाडूंच्या जागेतून नोकरीची आशा. नाही झाली तर काय, तेही ठरलेलं होतं. ते तिनंच मला सांगितलं, मेथी निवडता निवडता.

"स्थळ पाह्यलं हाये. रिठदचं. बाबा म्हनतात, धावते तोवर थांबू."

म्हणजे पाय चालू आहे तोवर.

आमच्याकडची काळी माती श्रावणापासून नुसता चिखल. मैदानावर पाय टाकला तर बूट तिथंच राहतो. म्हणून सगळ्या मुली डांबरी रस्त्यावर धावतात. मागं मोटरसायकलवर शाळेचे खेळाचे पवन सर, पुढं वैभवी आणि तिच्या खांद्याला खांदा लावून तिची जोडीदार मंजू. भादव्यात वैभवीला दुखायला लागलं. आधी धावून झाल्यावर, मग धावताना, मग झोपेतसुद्धा. जुड्या बांधायला उकिडवं बसता येईना, तर पालथ्या कॅरेटवर बसून बांधायला लागली. तिची आई अंजना म्हणाली, "पाह्य व माय, साहेबीन झाली. कुर्सीवर बसून मेथी बांधते."

मी तिला वाशीमला एक्स-रेसाठी नेलं. फोटो काढला. हाड साफ आहे, सूज असेल, असं सांगितलं गेलं. तो फोटो अंजनानं खिळ्याला टांगला. कुणी विचारलं की काढून दाखवायची. पवननं तो उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिला.

"एकदम साफ हाये, मॅडम. तुमी पोरीच्या डोक्यात भरू नका."

"डोक्यात नाही, पायात आहे. नवी चीर सुरुवातीला फोटोत दिसत नाही, पवन. अकोल्याला मोठ्या मशीनवर ने."

"स्पर्धा झाली का नेतो जी."

पवन काही दुष्ट नव्हता. त्याचा स्वतःचा गुडघा असाच, स्पर्धा झाली की नेतो म्हणता म्हणता गेलेला. तो लंगडतो आणि त्याला वाटतं, खेळणारे सगळेच थोडे लंगडतात.

मग नवरात्र आलं. रंगरावांकडे घट बसतो. नऊ दिवस उपास आणि नऊ दिवस पायात चप्पल नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहते तर वैभवी डांबरावर अनवाणी पळतेय. ती घरी परतली तशी मी कुंपण ओलांडून गेले.

"बूट कुठं आहेत तुझे?"

"घट उठल्यावर घालीन."

"खाल्लंस काय?"

"साबुदान्याची उसळ. थोडीशीच. पोट हलकं असलं का पाय उचलते."

आत अंजना घटाशी बसली होती. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला पुढचं बोलायला अवघड गेलं.

"मॅडम, अवंदा देवीची किरपा हाये. दरसाली मधातच पोरीले बाजूले बसा लागे. अवंदा नऊच्या नऊ दिवस घटाले पानी घालन थे."

"पाळी कधीपासून नाही आली तिला?"

"उन्हायापासून नाई जी. आमी म्हटलं, देवीनंच थांबवली. धावाले मोकळी, घटाले बी मोकळी."

मी जन्मभर मुलींना जीवशास्त्र शिकवलं. फळ्यावर हाडं काढली, त्यात चुना कुठून येतो ते शिकवलं. आणि या शेजारच्या मुलीला मी नडगीचं विचारत राहिले, हे विचारायचं सुचलं नाही. खाली बसले आणि सरळ सांगितलं. शरीराला पुरेसं अन्न मिळालं नाही की ते आधी पाळी बंद करतं. जे पाळी आणतं, तेच हाडही भरतं. ही पोर खाते चिमणीएवढं आणि धावते घोड्याएवढं, आतून हाड झिजत चाललंय.

"देवीनं नाही थांबवली, अंजना. उपाशी राहिल्यानं थांबली."

अंजनाचं हसू गेलं. "घटासमोर असं बोलू नये, मॅडम," ती हळूच म्हणाली आणि समईत तेल घालायला वळली.

वैभवी मला कुंपणापर्यंत सोडायला आली.

"मॅडम, विभागापर्यंत टिकन काय?"

"नाही."

"फकस्त विभागापर्यंत. त्याच्यानंतर बसतो मी घरी, तुमी म्हनान तेवढं."

"हाड आहे ते, वैभवी. तुझी तारीख त्याला कळत नाही."

"मंग मी काय करू थे सांगा. आज थांबली तं दिवाईत पाहुने येतात."

संध्याकाळी रंगरावांना गाठलं. ते भाजीच्या गोण्या शिवत होते. सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही.

"तुमी खोटं कायले बोलान, मॅडम. पन थे धावून राह्यली म्हनून मी सोयऱ्याले थोपवून धरलं. थांबली तं काय सांगू? पायात दुखते म्हनू? मंग तं थे स्थळ बी गेलं, अन् धावनं बी गेलं."

सुई पुन्हा गोणीत घातली. वाईट बोलले असते तर मी भांडले असते.

दसऱ्यानंतर अमरावती. शाळेच्या जीपमध्ये मीही बसले, कुणी बोलावलं नव्हतं. वैभवीच्या पायात बूट होते, नडगीला मंजूनं घट्ट पट्टी बांधून दिली होती. ती सुरेख धावली, हे मला सांगायलाच हवं. हात सैल, मान ताठ, श्वास एका लयीत. शेवटच्या फेरीला ती दुसरी होती आणि पहिलीच्या सावलीवर पाय देत होती. वळणावर आवाज झाला. वाळलेली तुराटी मोडावी तसा. कठड्याशी उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ऐकू आला. त्यानंतरही ती पुढचं पाऊल टाकायला गेली, आणि पाय नको तिथं वाकला.

पवन लंगडत धावला. तिला उचलून आणताना त्याचं तोंड सारखं चालू होतं. "साफ होतं, मॅडम. साफ होतं थे."

अकोल्याला ऑपरेशन झालं, नडगीत सळई घातली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी जेवण विचारलं, मग पाळी, मग पाय. म्हणाल्या, हाड जुळेल, पण शरीर ताळ्यावर आल्याशिवाय भरवसा नाही. धावण्याचं मला वर्षभर विचारू नका. अंजना खाटेच्या पायथ्याशी उभी होती. बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला.

"मॅडम, म्या नवस बोलला. पोरीची पाळी येऊ दे, पोहरादेवीले अनवानी येतो."

"आधी तिला पोटभर भाकर घाल."

"थे बी घालतो जी."

राज्याच्या स्पर्धेला अमरावतीचीच एक मुलगी गेली. दिवाळीत पाहुणे आले नाहीत. पायात सळई असल्याचं रिठदला कुणीतरी कळवलं होतं. रंगरावांनी तो विषय काढलाच नाही. वैभवी ओसरीवरच्या खाटेवर, पाय उशीवर. समोर ताट ठेवलं की घास तोंडात धरून बसते, गिळत नाही. अंजना रोज सकाळी, पाळी आली का म्हणून, तिच्याकडे बघते, ती मान हलवते, नाही.

एका सकाळी मी दूध घेऊन गेले तर ती डोळे मिटून रस्त्याकडे कान लावून होती. मुली धावत गेल्या.

"मंजूचा उजवा पाय हलका पडून राह्यला, मॅडम. वाचवून राह्यली थे. तिले थांबवा."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी रस्त्यात उभी राहिले. मुली आल्या. मी मंजूचा दंडच धरला.

"कुठं दुखतं?"

"कुठी नाई जी, मॅडम."

"बोट ठेव."

ती जागच्या जागी उड्या मारत होती, अंग थंड पडू नये म्हणून. मग वाकली आणि उजव्या नडगीवर बरोबर एका जागी बोट ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"फोटो काढला मॅडम. साफ हाये," ती म्हणाली, दंड सोडवून घेतला आणि बाकीच्यांना गाठायला पळाली.

ओसरीवरून वैभवीनं विचारलं, "थांबली काय?"