टेकडीवरच्या सरळ सावल्या

सेलूच्या बसस्टँडसमोर प्रेमदासचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज, यातच त्याची वीस वर्षं गेली. डोंगराचे फोटो तो काढू लागला तो हौसेनं नाही, रागानं.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. त्याची बायको कांता केळझरकडच्या एका टेकडीखाली, आपल्या वावरात कापूस वेचत होती. टेकडीवर ओमप्रकाशशेठची गिट्टीखदान, खडी काढायची. त्या दिवशी भोंगा न वाजवताच सुरुंग उडवला आणि दगडाची एक कपची कांताच्या डाव्या डोळ्यात घुसली. सावंगीच्या डॉक्टरांनी खूप खटपट केली, पण डोळा गेला. प्रेमदास शेठकडे गेला. बशीतला चहा फुंकत शेठ म्हणाला, "सुरुंगाच्या टायमाले ती तिथं कायले गेलती?"

प्रेमदास उठून आला. याची खदान बंद पाडायची, एवढंच त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात राहिलं.

खदानीला परवानगी होती टेकडीवरच्या नाल्यापर्यंतच. शेठनं नाला केव्हाच ओलांडला होता. कुणी तक्रार केली की तो भर दुपारचे फोटो पुढे करायचा. डोक्यावरच्या उन्हात टेकडी नुसती पिवळी, सपाट दिसे. "ती जुनी घळ हाये," असं त्यानं खणलेल्या जागेबद्दल म्हटलं की विषय संपे.

चेहऱ्याचे उंचसखल भाग दाखवायचे तर दिवा बाजूनं लावावा लागतो, हे प्रेमदासला ठाऊक होतं. मावळतीचं ऊन तेच करतं. दर रविवारी तो टेकडीच्या दक्षिणेला, वावराच्या बांधावर, धुऱ्यावर ट्रायपॉड लावू लागला. सुरुवातीचे फोटो वाया गेले. आभाळ सांभाळावं तर टेकडी काळी ठिक्कर, टेकडी सांभाळावी तर आभाळ पांढरं फटक. मग कळलं, की उजेडातल्या कातळाची धार पांढरी होऊन फुटू द्यायची नाही आणि सावली उगाच उजळायची नाही. सूर्य दोन बोटं वर असतानाची दहा मिनिटंच कामाची. तेवढ्यात निसर्गाच्या घळींच्या सावल्या वेड्यावाकड्या पडत, मशीननं कापलेल्या कडांच्या मात्र सरळ, पायऱ्यांसारख्या. नाल्यापलीकडे पहिल्या हिवाळ्यात दोन पायऱ्या दिसल्या, दुसऱ्या हिवाळ्यात पाच. पाच मोजल्या त्या दिवशी तो घरी येऊन पोटभर जेवला.

तक्रार टाकायच्या आधी तो कॉम्प्युटरवर सावल्या आणखी काळ्या करत बसला. कांता मागे येऊन उभी राहिली.

"इतकं काळं नसते ते. मले रोज दिसते वावरातून."

"त्याले बुडवाचा हाये मले."

"मंग खोटं काऊन करून राह्यले? तो हेच पकडन."

त्यानं मूळ फोटोंचे प्रिंट काढले.

जानेवारीत तहसीलचे साहेब पाहणीला आले, ते दुपारी दोन वाजता. शेठ हजरच होता. साहेबांनी टेकडीकडे पाहिलं, प्रेमदासचे फोटो पाहिले. "यातलं इथं काहीच दिसत नाही," ते म्हणाले.

"साहेब, सव्वापाचपर्यंत थांबा. मंग नाई दिसलं तर मी तक्रार मागं घेतो."

शेठ हसला. "डोंगराची सावली पाहाले थांबता का साहेब? चला, जेवण तयार हाये."

साहेब जरा घुटमळले, मग धुऱ्यावर बसले. कांतानं त्यांना पाणी दिलं. तिच्या डोळ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. ऊन तिरपं होत गेलं. आधी घळी काळ्या झाल्या, मग नाल्यापलीकडे एकेक सरळ रेघ उमटू लागली. साहेब उठून उभे राहिले. त्यांनी बोटानं रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या. सात भरल्या. प्रेमदास टेकडीकडे पाहतच नव्हता. तो शेठच्या तोंडाकडे पाहत होता, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. महिनाभरात खदानीला सील लागलं.

शेठ एकदा स्टुडिओत येऊन गेला. "एका गावचे आपण. एवढी खुन्नस ठेवतेत का प्रेमदास?"

"ठेवतेत," प्रेमदास म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवलं.

रविवारी तो परत ट्रायपॉड बांधायला लागला, तेव्हा कांतानं विचारलं, "आता काऊन? झालं ना सगळं?"

"अपील केलं हाये त्यानं," तो म्हणाला. "तारखेले ताजे फोटो लागतीन."

कांतानं डोक्याला रुमाल बांधला आणि गाडीवर त्याच्या मागे बसली.