दुसऱ्या मजल्यावरचा मोर्चा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माईक हातात आला की मी घसा बसेपर्यंत बोलते. पत्रकं तर विचारूच नकोस — टँकरच्या पाण्यावर, गिळलेल्या मैदानांवर, वीटभट्टीवरच्या पोरांच्या शाळेवर. कोण खोटं बोललं, कोण शेपूट घालून बसलं, हे मी नावानिशी लिहिते. पण हे कुठल्याही कागदावर आलेलं नाही. तुला सांगते. मध्ये काही बोलू नकोस, नाहीतर मी विषय बदलेन. त्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

उन्हाळ्याची सुट्टी होती. आम्ही सुकापूरला राहतो — दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि मी. ओवी तिसरीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, अथर्व अजून बालवाडीत. दादा कंटेनर यार्डात, पाळ्यांच्या ड्युटीत. वहिनी खारघरला लॅबमध्ये. सकाळी डबे भरून निघाली की थेट दिवेलागणीला घरी. मग पोरं दिवसभर कुणाकडे? उत्तर सगळ्यांच्या मते सोपं होतं. मेघा तर घरीच असते!

घरीच असते? मला हे वाक्य असं झोंबायचं! पण खरं सांगू, आतून बरंही वाटलं होतं. त्या घरात माझं स्वतःचं असं एकच पद होतं — आत्या. बाकी फ्लॅट दादाचा, स्वयंपाकघर वहिनीचं. मी छाती ठोकून सांगितलं, सुट्टी माझ्यावर सोडा. कार्डशीट आणलं, मार्करने वेळापत्रक काढलं, भिंतीवर लावलं. सकाळी वाचन, मग पोस्टर, मग चर्चा — हो, चर्चा, पाच वर्षांच्या पोराबरोबर! — आणि संध्याकाळी ओवीला सायकल शिकवणे.

आणि फोन वाजायचा. कुठेतरी धरणं असायचं, कुठेतरी निवेदन द्यायचं असायचं. "तासाभरात आले" म्हणून मी चप्पल घालायची आणि पोरांना समोरच्या दारात सोडायची.

समोरच्या दारात पुष्पाताई. मूळच्या विचुंब्याच्या, शेती गेली, इमारती आल्या, त्यांच्या वाट्याला आमच्या बिल्डिंगमधला फ्लॅट आला. नवऱ्याचे दोन डंपर चालायचे. मूल नव्हतं. हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं आणि त्यावर कुणी कधी बोलत नसे. मी पोरं सोडायला गेले की दार उघडायच्या आधी आतून आवाज यायचा, "आली का माजी गँग?"

त्यांनी वेळापत्रक-बिळापत्रक काही लावलं नव्हतं. गच्चीवर तांदळाचे पापड घालायचे. पोरं पिठाच्या गोळ्यांवर ताटल्या दाबायची, कुणाचा पापड वाकडा, कुणाचा नकाशासारखा. जवळा निवडायचा, आणि त्यात चुकून आलेला इवलासा खेकडा ज्याला सापडेल तो त्या दिवसाचा राजा. चिंचा फोडायच्या, चिंचोक्यांनी खेळायचं. आंब्याची कोय जोत्याच्या दगडावर घासून पिपाणी करायची. हळूहळू मजल्यावरची सगळीच पोरं तिथे जमायला लागली. घरी आली की अथर्व म्हणायचा, "आमी उद्या पन जानार हाय." वहिनी हसायची. मी? मी त्याचं वाक्य दुरुस्त करायची. आमच्या पत्रकात भूमिपुत्रांच्या बोलीचा अभिमान मीच लिहिला होता बरं का.

हेवा म्हणतात तो हाच, हे मला तेव्हा कळत होतं का? कळत होतं. खोटं कशाला बोलू? मी त्याला वेगळं नाव दिलं होतं. मी मनात म्हणायची, पोरांना राबवून घेतात. वर्षाचे पापड फुकटात लाटून घेतात. याला बालमजुरी नाही तर काय म्हणायचं? मला नावं द्यायचं शिक्षणच मिळालं होतं. एखाद्या गोष्टीला पुरेसं संतापलेलं नाव दिलं की तिच्याकडे परत बघावं लागत नाही.

मग ती संध्याकाळ. मी पनवेलहून मीटिंग आटपून रिक्षातून उतरले, तर गेटच्या आत ओवी सायकलवर. मागे पुष्पाताई, गाऊनवर ओढणी, एका हाताने सीट धरून धावतायत, घामाने निथळलेल्या. ओवी किंचाळत होती, "मावशी, सोडू नको! मावशी!" आणि त्यांनी सोडली, आणि पोरगी गेली — सरळ, न पडता, पार पंपरूमपर्यंत. वळून तिने पाहिलं. मी गेटात उभी होते, हात वर केलेला. तिने मला पाहिलंच नाही. तिला मावशीचं तोंड बघायचं होतं.

ते शिकवायचं मी कबूल केलं होतं. रोज कबूल करत होते.

दुसऱ्या दिवशी मी कुठेच गेले नाही. फोन बंद केला. मजल्यावरच्या पोरांना घरात बोलावलं आणि म्हटलं, आज नवा खेळ — मोर्चा-मोर्चा. पोरं काय खूश झाली! ताटल्या आल्या, चमचे आले, झाडूच्या काठीला वहिनीची ओढणी बांधून झेंडा झाला. घोषणा कशी द्यायची ते मी शिकवलं: एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी उचलायची, शेवटचा शब्द खेचायचा. ओवीचा आवाज खणखणीत, म्हणून पुढारी ती. शेवटी ओवीनेच विचारलं, "आत्या, पण मोर्चा कुणावर?"

मोर्चाला कुणीतरी समोर लागतं. ही माझीच शिकवण. मी समोरच्या दाराकडे बोट दाखवलं.

पहिली घोषणा साधी होती — आमची सुट्टी आमची आहे, पापड आम्ही लाटणार नाही. इथे थांबले असते तर? पुष्पाताई हसल्या असत्या, सरबत दिलं असतं, संपलं असतं. पण मला ती घोषणा मिळमिळीत वाटली. घोषणा टोचली पाहिजे ना? मी दुसरी रचली. फार वेळ नाही लागला.

"पाळणा रिकामा, रिकामा रे — लोकांची पोरं कामाला रे!"

चालीत बसत होती. पोरांनी लगेच उचलली.

मी बाहेर गेले नाही. पोरांना पुढे करून मी आमच्या बंद दारामागे, भोकाला डोळा लावून उभी राहिले. ताटल्यांचा दणदणाट. पुष्पाताईंनी दार उघडलं, कोपरापर्यंत पीठ. "अरे देवा, मोर्चा हाय का? या या, पुढारीनबाई, काय मागन्या हायेत तुमच्या?" पहिल्या घोषणेला त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ओवीने दुसरी दिली. पोरांनी उचलली. पुन्हा दिली.

त्या दारात तशाच उभ्या राहिल्या. तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही, ते नुसतं राहून गेलं — जसं पाहुणे गेल्यावर खोलीतला दिवा राहतो तसं. मग पिठाचे हात पदराला पुसावेत तसे गाऊनला पुसले आणि हळूच म्हणाल्या, "जा बाबांनो. ऊन हाय. घरी जा." दार लागलं. पोरं अजून घोषणा देतच होती. खेळ छान चालला होता त्यांचा.

वहिनीला संध्याकाळी जिन्यातच कुणीतरी सांगितलं. ती पर्स खांद्यावर असतानाच ओवीसमोर उभी राहिली. "हे कुणी शिकवलं तुला? बोल! कुणी शिकवलं?"

ओवीने माझ्याकडे पाहिलं.

एवढंच. एक क्षण. त्या पोरीने मला वेळ दिला होता. आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? "हल्ली मोबाईलवर काय काय बघतात ही पोरं, वहिनी." शांतपणे. विचारी माणसासारखी.

ओवी म्हणाली, "मीच केली." वहिनीचा हात कधी नाही तो उठला. मग तिला खेचत समोर नेलं, माफी मागायला लावली. पुष्पाताई दारातूनच म्हणाल्या, बारकी हाय, जाऊ दे. पण त्यांनी तिला जवळ घेतलं नाही. मी भोकातून पाहत होते — पुन्हा.

त्यानंतर दुपारी ते दार उघडलं नाही. उरलेली सुट्टी पोरं माझ्याकडेच होती. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं. ओवी वेळापत्रकाप्रमाणे वाचन करायची. विचारलं तर उत्तर द्यायची. आत्या म्हणायची, अजून म्हणते.

ती आता नववीत जाईल. या उन्हाळ्यात पुष्पाताईंनी पुन्हा गच्चीवर पापड घातले, वरच्या मजल्यावरची लहान पोरं हाताशी घेऊन. अथर्वलाही हाक मारली. ओवी जिन्यात उभी होती, तिला मारली नाही. नंतर दारात मला भेटल्या, आणि मलाच समजावल्यासारखं म्हणाल्या, "तुमची ओवी हुशार हाय गं बाय. पन तिच्या तोंडाची भीती वाटते मला." मी मान हलवली. हो, म्हणाले. आहे थोडी फटकळ.

ती ओळ माझी होती. मी ती शिकवली तेव्हा ओवीने चमचा थांबवून विचारलं होतं, पाळणा म्हणजे बागेतला झोपाळाच ना? मी हो म्हटलं.