शेवटचे तीन महिने शहरात

माझ्या धाकट्या बहिणीला इंजिनिअर व्हायचं होतं, आणि सरकारने आमचं गाव शहर केलं नसतं तर ती झालीही असती. आता त्यात सरकारचा दोष किती आणि आमच्या अण्णांचा किती, यावर मी बरीच वर्षं डोकं शिणवलं आहे.

अण्णा म्हणजे आमचे वडील. बेंगळूर शहरातल्या चामराजपेटेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. तिथली भाड्याची खोली पुरेना म्हणून त्यांनी बेंगळूरच्या दक्षिणेला, वस्ती संपून रागीची शेतं लागायची तिथे, एका खेड्यात साइट, म्हणजे घरापुरता प्लॉट, घेऊन दोन खोल्या बांधल्या. माझी तोवर दहावी होऊन गेली होती. बहीण मात्र पहिलीपासून त्या खेड्यातल्याच शाळेत गेली. अण्णा रोज बस धरून दुकानात जायचे आणि कुणी कुठे राहता विचारलं की सरळ "चामराजपेट" म्हणून सांगायचे. तीन-चारशे वर्षं आमचे मराठी लोक या मुलुखात आहेत, पण शहरातली पेट सोडून हळ्ळीत, म्हणजे खेड्यात, राहायला जाणारे घराण्यात आपणच पहिले, ही गोष्ट त्यांना फार लागायची. लग्नपत्रिकेवर त्यांनी गावाचं नाव कधी छापू दिलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सरकारने बेंगळूरच्या भोवतालची गावं गोळा करून त्यांच्या नगरसभा केल्या. हिशोब साधा होता. इतकी डोकी असली की पट्टण पंचायत, त्याहून जास्त असली की पुरसभा, आणखी जास्त असली की नगरसभा. डोक्यांना प्यायला पाणी आहे का, हे त्यात कुठे बसत नव्हतं. आमच्या ग्रामपंचायतीच्या इमारतीवरची पाटी उतरली, दुसरी चढली. आत तोच शिपाई, तीच मोडकी खुर्ची. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं ते तसंच येत राहिलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! अण्णांनी मात्र त्या दिवशी गल्लीत मैसूरपाक वाटला. बहीण तेव्हा दहावीत होती आणि परीक्षेला तीन महिने उरले होते.

परीक्षा झाल्यावर शाळेचा दाखला घ्यायला अण्णा स्वतः गेले. हेडमास्तर सवयीने जुना शिक्का मारायला लागले, तर अण्णांनी त्यांचा हात धरला. "आता नगरसभा झाली ना स्वामी? मग मुलीच्या दाखल्यावर हळ्ळी कशाला?" हेडमास्तर म्हणाले, "जुना चालतो की. सगळ्यांना तोच मारलाय." अण्णा ऐकेनात. शेवटी हेडमास्तरांनी जुना शिक्का न मारता हाताने नगरसभा लिहिलं आणि सही केली. घरी येऊन अण्णांनी तो दाखला आम्हाला दोनदा वाचून दाखवला.

दोन वर्षांनी बहिणीने पीयूसी, म्हणजे बारावी, केलं, प्रवेशपरीक्षा दिली. मार्क चांगले होते, पण सरकारी सीटला थोडे कमी. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या मुलांसाठी मात्र वेगळ्या जागा होत्या आणि त्यात तिचा नंबर सहज लागत होता. खासगी कॉलेजचं नाव काढायची आमची ऐपत नव्हती. फक्त ग्रामीण शिक्षणाच्या फॉर्मवर शिक्षण खात्याची सही हवी होती. मी, अण्णा आणि बहीण, तिघं सकाळीच कचेरीत गेलो.

तिथल्या गुमास्त्याने फॉर्म पाहिला, दाखला पाहिला आणि नगरसभा या शब्दावर बोट ठेवलं. "ही तर शहरातली शाळा."

मी म्हणालो, "शेवटचे तीन महिने. त्याआधी पावणेदहा वर्षं खेडंच होतं. शाळा जागची हलली नाही, बाकसुद्धा तेच आहेत."

"नियम दहा वर्षांचा आहे."

"अहो, तिच्या वर्गातल्या दोघींना तुम्हीच सही दिलीय."

"त्यांच्या दाखल्यावर गावाचा शिक्का होता," तो शांतपणे म्हणाला. "मी कागद बघतो. यावर शहर लिहिलंय, मी खेडं कसं म्हणू?"

हेडमास्तरांकडून नवा दाखला आणतो म्हणालो, तर ते निवृत्त होऊन गावी गेलेले, आणि एकदा दिलेला दाखला आता बदलत नाहीत असं गुमास्त्याचं उत्तर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसावर ओरडता येत नव्हतं, कारण त्याचं चुकत नव्हतं. म्हणून मी अण्णांवर ओरडलो. सगळ्या कचेरीसमोर. तुमच्या पेटेच्या मिजाशीपायी पोरीचं वाटोळं केलंत, असं म्हणालो.

टेबलाला वळसा घालून अण्णा गुमास्त्याजवळ गेले. आयुष्यात कधी कुणापुढे न वाकलेला माणूस, टोपी काढून खाली बसला आणि त्याचे पाय धरून कन्नडमध्ये म्हणाला, "आम्ही हळ्ळीचेच आहोत, स्वामी. मी खोटं लिहून घेतलं. माझी मुलगी हळ्ळीची आहे."

गुमास्ता गडबडून खुर्ची मागे सारत होता. रांगेतले लोक बघत होते. मी तसाच उभा राहिलो.

बहिणीने टेबलावरचा फॉर्म उचलून पिशवीत घातला. "दादा, सीट राहू दे," ती म्हणाली. "आधी अण्णांना उठव."