गाडीची वाट, कबुतराची वाट

"कोन्त्या वाटेनं सांगू? गाडीच्या का कबुतराच्या?"

मेहकर किती लांब, असं कुणी माझ्या खिडकीशी विचारलं की समोरच्या सायकलच्या दुकानातून हा उलटा प्रश्न यायचा. मी तेव्हा खामगावच्या मोटार स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसत असे. पगार मला, उत्तरं त्या दुकानवाल्या मामांची. सारा स्टँड त्यांना मामाच म्हणायचा. गाडी म्हणे घाटात लोळत जाते, चिखलीला चहा पिते, आणि कबूतर दुपारी निघालं तर ऊन उतरायच्या आत दारात. पंक्चर काढता काढता मामा मध्येच कपाळावर हात धरून दक्षिणेकडचं आभाळ बघत, ट्यूब तशीच पाण्यात राही.

तिकडे घाटावर, मेहकरात, त्यांची एकुलती एक लेक दिली होती. आई नसलेली पोर. मामांनीच वाढवली, आणि कबुतरंही तिच्यासोबतच वाढली. रुखवतात लाडू-शेवयांच्या शेजारी मामांनी दोन कबुतरांची टोपली ठेवली, तेव्हा वरपक्षाच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. लेकीला मात्र त्यांनी बजावलं होतं की पोहोचलीस की एक सोड. दुसरं ठेव, जिवावरचं काही आलं तरच सोड.

वरात गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एक परत आलं आणि मामांनी स्टँडभर गूळ वाटला. दुसरं येऊ नये म्हणून हा माणूस रोज आभाळ बघायचा. रिकामं आभाळ बघून इतका खूश होणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल.

दीड-दोन वर्षांनी मेहकरहून आलेल्या कंडक्टरनं सांगितलं, पोरगी बाळंतपणात मरता मरता वाचली. मामा हसले. "खोटं हाय. कबूतर कुठं आलं?" पण हातातला पाना खाली पडला होता. दुकान उघडं टाकून ते परतीच्या गाडीत चढले. मी त्यांना ड्रायव्हरमागची जागा दिली.

आठवड्यानं परतले ते एकटेच. लेक आणि नात सुखरूप होत्या. मामांनी आधी दुकानातली पडलेली ट्यूब उचलून ठेवली. मग म्हणाले, "सोडलं होतं तिनं. वर गेलं, एक चक्कर मारली, अन् तिच्याच छपराच्या कवेलूवर येऊन बसलं. जोडा जमला न त्याचा तिथं."

"अन् तिले आणलं नाही काऊन?" मी विचारलं.

"म्हटलं चाल. तं म्हने, बाबा, माहं घर टाकून कशी येऊ?"

ते हसले आणि हसता हसता रडले. मी चहा सांगितला. त्यानंतर मेहकरची गाडी लागली की मामा काम टाकून तिच्यापाशी येऊन उभे राहत. आता निरोप यायचा तर गाडीनंच.

पुढं काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात, मामा दुकानात बसल्या बसल्याच गेले. लेकीची गाडी येईपर्यंत आम्ही थांबलो. ती उतरली तेव्हा हातात टोपली होती. बापाचे पाय धरून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर येऊन तिनं टोपली उघडली. कबूतर तिकडचंच, त्या जोड्याचं पिल्लू.

"पोरगी घरी वाट पाहून राह्यली असंन," ती मला म्हणाली. "मी पोहचली म्हनून तिले कळंन."

पाखरानं स्टँडवर एक चक्कर मारली आणि ते सरळ घाटाकडे निघालं. ती कपाळावर हात धरून बघत राहिली, अगदी बापासारखी. लेकीला तिचं घर मिळालं होतं, मामांना याहून काय हवं होतं? तरी मला फार वाईट वाटलं.

मी खिडकीत परतलो तर कुणीतरी मेहकर किती लांब म्हणून विचारत होतं. समोरून आवाज येईल म्हणून मी थोडा वेळ थांबलो. मग गाडीचं अंतर सांगितलं.