नागूमामाचं माप

आमच्या नागूमामाला एक खोड होती. दारात आला की वहाणा काढायच्या आधी तो माझं मनगट धरायचा. अंगठा आणि मधलं बोट यांचा वेढा मनगटाभोवती घालायचा आणि दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात का ते बघायचा. नाही भिडली की स्वारी खूष. "टेकत नाहींत. बरें अहे," म्हणायचा. मग वहाणा निघायच्या, मग पाण्याचा तांब्या, मग घरातल्या बाकीच्यांची विचारपूस. आल्यागेल्याला वाटे, या मुलीला काहीतरी मोठं दुखणं आहे आणि हा तिचा वैद्य आहे. खरं तर मी चांगली गरगरीत होते. दुखणेकरी होता तो.

मामा पापनाशमला एका भाताच्या गिरणीत कारकून होता. रविवारी सकाळच्या पॅसेंजरने आमच्याकडे कुंभकोणम्‌ला यायचा. अंगाने वाळक्या शेंगेसारखा, त्यात दमा. स्टेशनपासून घरापर्यंत ओळखीच्या ओट्यांवर बसत बसत यायचा आणि पोचला की खांबाला टेकून म्हणायचा, "थकलों ग, कण्णे." कण्णे म्हणजे सोनुली, छकुली, काय वाटेल ते, तमिळ शब्द आहे. आमची मराठी तशीच, तंजावरकडची, फार जुन्या वळणाची आणि मधेमधे तमिळ. पुढे लग्न होऊन मी पुण्यात आले तेव्हा शेजारणी पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांच्या हसण्याला कंटाळून मी माझी भाषा बदलली. पण मामाचं बोलणं काही मला बदलून लिहिता येत नाही.

मी अगदी लहान असताना माझी आई गेली. मामाची ती धाकटी बहीण. तिच्या पोटात अन्न ठरेना, झिजत झिजत गेली. मीही तशीच किरकिरी, हाडांचा सापळा. जगेन असं कुणालाच वाटत नव्हतं म्हणतात. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हात टेकले होते. मामाने मला उचललं आणि पापनाशमला नेलं. गिरणीमागच्या एका खोलीत, बाईमाणूस नसताना, त्याने मला पेज भरवली, मऊ भात भरवला, तूप चाटवलं. मी थुंकायची, तो परत भरवायचा. शाळेत जाण्याएवढी झाले तेव्हा अप्पांच्या घरी आणून सोडली ती अशी गुटगुटीत, की तुळजाआत्याने मला ओळखलंच नाही. मामाचं लग्न राहिलं ते राहिलंच. दमेकऱ्याला मुलगी कोण देणार, असं आत्या म्हणायची. तो स्वतः म्हणायचा, "मला वेळ कुठें होता? हिला जेवायला वेळ फार लागे."

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. मी पोट भरलं म्हटलं, की आणखी एक घास पुढे करून म्हणायचा, "घे. खाल्लेलें वाया जात नाहीं."

माझं लग्न ठरलं दिवाळीच्या सुमाराला. मुलगा आमच्यातलाच, नोकरीला पुण्यात. मुहूर्त संक्रांतीनंतरचा निघाला. आणि याद्या व्हायच्या आधीच तुळजाआत्याने तो प्रश्न काढला.

"सगळें होईल रे. हिला उचलणार कोण?"

हे सांगायला हवं. तमिळ शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहून आमच्या लग्नांत तिथल्या चालीरीती मुरल्या होत्या. त्यातली एक माळा घालायची. नवरीला तिचा मामा खांद्यावर उचलून घेतो, नवऱ्याला त्याचा मामा. वरच्यावर दोघांनी एकमेकांना माळा घालायच्या, खालच्या मामांनी पुढेमागे पळून चकवायचं, सगळ्यांनी हसायचं. मामाचा मान तो. आणि माझा मामा हा असा, पाण्याची घागर उचलली तरी जिन्यात बसणारा.

"पंचूला सांगूं," आत्या म्हणाली. पंचूमामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. बाजारात पितळी भांड्यांचं दुकान, हंडे वाहून वाहून खांदे रेड्यासारखे झालेले.

नागूमामा भिंतीशी बसला होता. तो सहसा वाद घालत नसे. "मीच उचलीन," म्हणाला. "तिच्या आईला शब्द दिला अहे."

त्या एका वाक्यापायी मी बारीक व्हायचं ठरलं. मलाही ते कबूल होतं, हे आधीच सांगते. मला दुसऱ्या कुणाचा खांदा नको होता. ज्याने मला वाढवलं त्याने मला सगळ्यांसमोर एकदा उचलावं, एवढीच माझी इच्छा. नवरा कसा आहे, पुणं कसं आहे, याचा मी तेवढा विचारही केला नव्हता.

मग काय विचारता! पथ्य कुठलं करायचं यावर रविवारी जेवणं झाल्यावर सभाच भरली. आत्या म्हणाली कुळथाचं कढण, दोन्ही वेळा, बाकी काही नाही. अप्पांच्या कोर्टातल्या कुणा वकिलाला मद्रासच्या डॉक्टरने भात सोडायला सांगितला होता, म्हणून अप्पांचं मत भात बंद. पंचूमामा म्हणाला केळीच्या खांबाचा गाभा ठेचून त्याचा रस प्यायचा, चरबी लोण्यासारखी वितळते. मी तिथेच बसून सुपाऱ्या कातरत होते, मला कुणी विचारलं नाही. आजही कुणी विचारत नाही म्हणा. या वयात सून एक पथ्य सांगते, डॉक्टर दुसरं, सांगणारे काही दमत नाहीत. मी दमले.

शेवटी अप्पा म्हणाले, "नागू, उचलणार तूं. तूंच निवड."

मामाने पुष्कळ वेळ पान चघळलं. "उपास करूं दे," तो म्हणाला. "लग्नापर्यंत रोज उपासाचेंच खाऊं दे. देहाचेंही होईल, देवाचेंही होईल."

आत्याचे हातच जोडले गेले. एवढा धर्म नागूच्या अंगात आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आणि मग उपासाचं सामान यायला लागलं, पापनाशमहून, मामाच्या पिशवीतून. साबुदाणा, रताळी, खजूर, घरचं तूप, नेंद्र केळ्यांचे घड. सगळं उपासाला चालणारं! मी रताळ्याचा कीस खात होते, केळ्याचं शिकरण खात होते, साबुदाण्याची खीर वाडग्याने पीत होते. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय. शिंप्याकडून लग्नाचं पोलकं आलं ते दंडात शिरेना, तेव्हा आत्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मेल्या, हिला बारीक करतोस की बैल पोसतोस?" ती मामावर तुटून पडली. तेवढ्या वेळात मामाचं माझं मनगट मापून झालं होतं आणि चेहऱ्यावर कसं समाधान होतं.

त्यानंतर स्वयंपाकघराच्या किल्ल्या आत्याकडे गेल्या. सकाळी केळीच्या गाभ्याचा रस, दुपारी कुळथाचं कढण, संध्याकाळी ताक आणि त्यावर आत्याचा उपदेश. पोलकं दंडात शिरलं, मग सैल झालं. आत्या खूष. मी मात्र दिवसभर भिंत धरून चालायची. भुकेचं पहिले काही दिवस कौतुक असतं, पुढे नुसता शीण येतो. आवाज नको, माणूस नको, लग्नही नको वाटायचं. रात्री अंथरुणावर पडलं की माळेचाच विचार करायचे, म्हणजे सकाळी तो रस घशाखाली जायचा.

आणि तिकडे मामा! पंचूमामा काही कामाने पापनाशमला जाऊन आला आणि आमच्या ओट्यावर बसून मांडी थोपटत सांगायला लागला, "तुमचा नागू पोतीं उचलतो अहे! गिरणीच्या मागें. अर्धें पोतें भाताचें खांद्यावर घेतो, दोन पावलें टाकतो आणि बसतो. हमाल टाळ्या पिटतात."

सगळे हसले. पुढच्या रविवारी मी मामाला विचारलं, "खरं का रे?"

"शिकतों अहें," तो म्हणाला. "पोतें हलत नाहीं, बोलत नाहीं. तूं तशीच बस म्हणजे झालें." सदऱ्याची कॉलर सरकली तर खांद्यावर सालटं निघालेलं दिसलं. मी म्हटलं, "मामा, उचलशील ना?" तर म्हणाला, "तुला तान्हेपणीं उचललें तेव्हां कुणी विचारलें होतें का?"

मग थंडीताप येऊन तो दोन-तीन रविवार आला नाही. आला तो लग्नाला थोडेच दिवस उरले असताना. मी ओट्यावर बसले होते. उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि परत बसले. मामाने नेहमीसारखं मनगट धरलं. बोटं टेकली. टेकून एकमेकांवर चढली. तो ती बोटं तशीच धरून उभा राहिला. नंतर वहाणांसकट घरात शिरला.

आमचं घर सोवळ्याचं. मामाने जन्मात उंबऱ्याच्या आत वहाण नेली नव्हती. तो तसाच स्वयंपाकघरात गेला, चुलीवरचं कुळथाचं भांडं उचललं आणि मोरीत ओतून दिलं.

"पोदुम!" म्हणाला. म्हणजे पुरे. "भात वाढ हिला."

आत्या आधी वहाणांवरून किंचाळली, मग भांड्यावरून. "आणि उचलायचें कसें मग? इतके दिवस केलें तें?"

"नाहीं उचलीत. पंचू उचलूं दे."

"शब्द दिला होतास ना बहिणीला?"

मामाला दम लागला होता. तो तिथेच चुलीपाशी खाली बसला. "तिचेंच मनगट अहे हें," तो म्हणाला. "शेवटीं शेवटीं असेंच लागे हाताला. मला नको ग तें परत. उचलायचें नाहीं मला कांहीं. जेवूं दे पोरीला."

आत्यानेच ताट घेतलं. मामाने हात धुऊन भात कालवला, तूप घातलं आणि मला भरवलं, एवढ्या घोडीला. मी रडत होते आणि गिळत होते. इतके दिवस ज्याच्यासाठी उपाशी राहिले तोच मान माझ्या घासासाठी सोडून मोकळा झाला, याचा मला रागही आला होता. "घे," तो म्हणत होता, "खाल्लेलें वाया जात नाहीं."

लग्नाच्या दिवशी नादस्वरम् वाजायला लागलं, नवऱ्याला त्याच्या मामाने खांद्यावर घेतलं, आणि इकडून पंचूमामा धोतरासारखी वेष्टी खोचून पुढे आला. मी म्हटलं, "नको."

आत्याने चिमटा काढला. भटजी खोळंबले. मी माळ घेऊन सरळ मागच्या खांबाशी गेले. तिथे नागूमामा टेकून उभा होता, नव्या अंगवस्त्रात, पाहुण्यासारखा. मी त्याला हाताला धरून मांडवात आणलं आणि त्याच्या खांद्यावर माझा हात ठेवला, जिथे पोत्याने सोललं होतं त्याच खांद्यावर.

"मामाचा खांदा लागला की झालं ना?" मी भटजींना विचारलं. शास्त्रात त्याविरुद्ध काही सापडेना त्यांना.

मामाने पाठ ताठ केली. मला तो पुटपुटलेला ऐकू आला, "भार टाक. चोरूं नको, सगळा टाक." मी टाकला तेवढा टाकला. समोर नवरदेव उंचावर आणि मी जमिनीवर, माळ पोचेना. लोक हसायला लागले. एवढ्यात त्याच्या मामाचे गुडघे थरथरायला लागले, तो बिचारा कधीपासून ताटकळला होता. त्याने भाच्याला धपकन खाली ठेवलं. मग आम्ही दोघांनी जमिनीवर उभं राहून माळा घातल्या. लोक अजून हसतच होते, मला त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतर मी पुण्याला गेले. दोन मुलं झाली, शिळंपाकं खाऊन होते त्याहून दुप्पट झाले. मामा येऊ शकत नसे. मी माहेरी गेले की पापनाशमला जाऊन यायची, दारातच माप व्हायचं.

शेवटची गेले ती मामाने अंथरूण धरल्याचं कळल्यावर. तीच गिरणीमागची खोली. मामा इतका सुकला होता की पांघरुणाखाली माणूस आहे हे कळू नये. त्याने हात उचलायचा प्रयत्न केला, तो उचलेना. मला कळलं काय हवंय ते. मीच त्याची बोटं धरून माझ्या मनगटाभोवती लावली. अर्ध्यापर्यंतसुद्धा पोचली नाहीत.

"टेकत नाहींत," तो म्हणाला. "बरें अहे."

तो गेला त्याच्या आदल्या सकाळी त्याला बाहेरचं ऊन हवंसं वाटलं. गिरणीतला माणूस बोलावते म्हटलं, तर मान हलवून नको म्हणाला. मग मी पदर खोचला, एक हात मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि उचललं. काही वजनच नव्हतं. मी उगाच एवढा जोर लावला असं झालं. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. अंगणात भात वाळत घातला होता, त्याच्या कडेने मी उन्हात आले.

"जड होतों अहें का ग?" त्याने विचारलं.

"नाही रे."

तो हसला असावा, माझ्या मानेला त्याचा श्वास लागला. "बघ," म्हणाला. "सांगत होतों ना. खाल्लेलें वाया जात नाहीं."

बाज तिथे जवळच टाकलेली होती. पण मी त्याला लगेच खाली ठेवलं नाही.