दाजींचा फंड

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, मला कधीच आवडले नाहीत. ते हयात असताना हे बोलायची सोय नव्हती. आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत, त्याची चूक काढत नाहीत, तो म्हणेल त्याला होय म्हणायचे असते. आईने हे आम्हाला लहानपणापासून शिकवले होते. मी ते शिक्षण पुढे असे वापरीन हे तिला माहीत असते, तर तिने मला एक थोबाडीत दिली असती.

एका अधिक मासात आईने जावयाला धोंड्याला बोलावले. वडील नव्हते, कापड माझ्या पगारातून आणायचे होते. जुन्या जालन्यात चार दुकाने हिंडून मी शर्ट-पँटचे कापड आणले. पंगत बसलेली, शेजारीपाजारी आलेले. दाजींनी पुरणाचे धोंडे चापले, मग कापड दोन बोटांत धरून चोळले आणि दारात उभ्या असलेल्या रिक्षावाल्याकडे फेकले. म्हणाले, "घे रे, काच पुसायला व्हईल." सगळे हसले. माझी आईसुद्धा हसली, कारण जावई हसत होता. अक्का तेवढी खाली मान घालून वाढत राहिली.

मी ते पोटात ठेवले.

मी एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये फंडाचा कारकून होतो. पीएफला आमच्या मिलमध्ये कोणी पीएफ म्हणत नसे, सगळे फंडच म्हणत. कामगाराच्या पगारातून दरमहा पैसा कापतात, मालक आपली भर घालतो, आणि मालकाच्या भरीतला एक हिस्सा पेन्शनच्या खात्याला जातो. एवढे प्रत्येकाला समजावून सांगायचे माझे काम होते आणि मी ते मन लावून करायचो. भट्टीवरच्या परक्या माणसांना मी तासतासभर समजावले आहे. दाजीही पुढे आमच्याच मिलमध्ये लागले, चिमट्याने लाल सळई पकडायच्या कामावर. त्याआधी दुसऱ्या एका मिलमध्ये त्यांची सात वर्षे झाली होती. ती मिल बंद पडली, तिथले खाते तसेच पडून होते. आमच्याकडे त्यांचे नवे खाते उघडले गेले.

आमच्याकडे साडेतीन वर्षे झाली आणि दाजींचे मुकादमाशी वाजले. तिरीमिरीत काम सोडून दोन महिन्यांनी ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले.

"मेव्हणे, दोन्हीकडचा फंड काढा. जुनी जीप घेऊन राह्यलो, जाफराबाद-भोकरदन शिटा भरायला."

"सगळा?"

"सगळा म्हंजे सगळा. पेन्शन-बिन्शन बिलकुल ठेवू नका. म्हातारपण कोणी पाह्यलं?"

इथे मी काय बोलायला हवे होते ते मला तोंडपाठ होते. जुने खाते नव्याला जोडायचा एक अर्ज असतो. तो भरला की दोन्ही नोकऱ्या मिळून एकच धरतात. पाच वर्षे भरायच्या आत फंड काढला तर त्यावर कर लागतो. जोडून घेतले की साडेदहा वर्षे होतात आणि कर लागत नाही. आणि दहा वर्षे भरली की वयाच्या अठ्ठावन्नपासून मरेपर्यंत पेन्शन, माणसाच्या मागे अर्धी बायकोला. फंड काढूनही ती शाबूत राहते. हे सगळे त्या एका अर्जावर होते. अर्ज माझ्या खणात होता.

मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं, दाजी."

आणि दोन्ही खात्यांचे वेगवेगळे अर्ज भरले, फंडाचे वेगळे, पेन्शनचे वेगळे. त्यांनी एकेका ठिकाणी सही केली. मी बोटाने जागा दाखवत होतो. मला इतके बरे वाटत होते की मी त्यांना चहा पाजला.

पैसे आले, पण नव्या खात्यातला मोठा लचका करात गेला होता. पॅन कार्ड जोडलेले नसले की कर जास्त कापतात. त्यांच्या पॅनची झेरॉक्सही माझ्याच खणात होती. दाजी तणतणत आले. "माझ्या घामाचा पैसा, आन् कापला कसा?" मी त्यांना नियम वाचून दाखवला, सावकाश, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा. कारकून हसले. ते हसू मी बरीच वर्षे पुरवून पुरवून वापरले.

जीप दोन वर्षांत बसली. दाजी मग फंड नसलेल्या ठिकाणी राखणदारी करत राहिले आणि साठी गाठण्याआधी गेले.

मी निवृत्त झालो. आता मला पेन्शन आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइनचे दुकान आहे. हिवाळा लागला की पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात. मशीनवर अंगठा ठेवायचा, आपण जिवंत आहोत हे तिकडे कळते. मागच्या हिवाळ्यात अक्का गल्लीतल्या तीन विधवा बायकांना घेऊन आली. तिघींचे नवरे माझ्याच मिलचे, त्यांची जुनी-नवी खाती मीच कधीकाळी जोडून दिलेली. अक्का आता लोकांच्या घरी भाकऱ्या थापते. दोघींचे अंगठे झाल्यावर तिने पदराला हात पुसला आणि आपला अंगठा मशीनवर ठेवला.

"माझा बी घे की. यायचं असंल तर यील."

"तुझा लागत नाही, अक्का."

"कामून? ह्यांचं येऊन राह्यलं, माझाच नवरा काय फुकट राबत व्हता?"

"दाजींनी सगळं काढून घेतलं होतं."

तिने अंगठा मशीनवरून उचलला. मग तिने त्या तिघींसमोर मेलेल्या नवऱ्याला शिव्या घातल्या. जिवंतपणी तिने त्यांना अरे केले नव्हते. "मेल्यानं जीपीत घातलं समदं. माझ्या म्हातारपणाचा इचार न्हाई केला." बायका च्यक् च्यक् करत होत्या. मी मशीनची काच फडक्याने पुसत होतो.

"तू तरी सांगायचं व्हतं त्याला," ती म्हणाली.

तिला खरे सांगण्याची तेवढी एकच वेळ होती.

"सांगितलं होतं, अक्का. ऐकलं नाही."

"तुजं कुठं ऐकनार व्हता तो," ती म्हणाली. उठली, भाकऱ्या थापून भेगा पडलेले दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडली. मी तिसऱ्या बाईला आधार कार्ड काढायला सांगितले.